एकोणतीस अंकांची मनुष्यराशी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



अहिंसा, अनेकांत आणि अपरिग्रह या विषयांवर या व्याख्यानमालेत अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. माझ्याकडे गणिताचा विषय सोपविण्यात आला. जैन गणित म्हटले की महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’पासून असंख्यात-अनंताच्या भेदांपर्यंत एवढा विस्तार समोर येतो, की तासाभरात केवळ नावांची यादी वाचून होईल. म्हणून मी एकच संख्या निवडली आहे. ती अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

एकंदर एकोणतीस अंक. ही संख्या म्हणजे मनुष्यांची राशी, असे आपल्या ग्रंथांतून सांगितले गेले आहे. हा मनुष्यलोक म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील पृथ्वी नव्हे. जंबूद्वीप, धातकीखंड आणि अर्धे पुष्करवरद्वीप मिळून होणारे पंचेचाळीस लाख योजन व्यासाचे अढाईद्वीप, हे येथे अभिप्रेत आहे. तेव्हा २०२२ साली जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली, तिच्याशी या राशीची तुलना करून कोणी हसू नये आणि कोणी ओढाताण करून मेळही बसवू नये. आपण प्रथम संख्येकडे संख्या म्हणून पाहू.

श्वेतांबर परंपरेतील ‘अनुयोगद्वारसूत्रा’त मनुष्यांचे जघन्य, म्हणजे कमीत कमी, प्रमाण सांगताना ही राशी येते. तेथे अंक एकापुढे एक लिहून दिलेले नाहीत. राशी ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. एक खूण अशी की ती एकोणतीस स्थाने व्यापते. आठ स्थानांचे एक ‘यमलपद’ मानले, तर ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली राहते, म्हणजे चोविसाव्या स्थानाच्या पुढे आणि बत्तिसाव्याच्या आत. दुसरी खूण, पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणले असता ती मिळते. आणि तिसरी, मला सर्वांत मार्मिक वाटणारी खूण अशी की ती शहाण्णव वेळा निम्मी करता येते.

विद्यार्थ्यांना शंका येईल की वर्ग कशाचा? वर्ग दोनाचा. दोनाचा वर्ग ४, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग १६, हा दुसरा. सोळाचा २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. आणि त्याचाही वर्ग केला की सहावा, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. दिगंबर ग्रंथांत या श्रेणीला ‘द्विरूपवर्गधारा’ म्हणतात आणि तिच्यातील तीन संख्यांना फार गोड नावे आहेत. चौथ्या वर्गाच्या आरंभी पासष्ट येतात म्हणून तो ‘पण्णट्ठी’, पाचव्याच्या आरंभी बेचाळीस येतात म्हणून तो ‘बादाल’, आणि सहाव्याच्या आरंभी एक व आठ येतात म्हणून तो ‘एकट्ठी’. लांबलचक संख्येला तिच्या पहिल्या दोन अंकांवरून हाक मारण्याची ही रीत व्यवहारी माणसाची आहे. ज्यांना या संख्या रोज हाताळायच्या होत्या, त्यांनाच अशी नावे सुचतात.

आता कृती पाहा. दोनाला दोनाने गुणत गुणत या राशीपर्यंत जायचे, तर पंच्याण्णव गुणाकार करावे लागतील. वर्गांच्या वाटेने गेल्यास सहा वर्ग आणि शेवटी बादाल गुणिले एकट्ठी, असे केवळ सात गुणाकार पुरतात. दिगंबर परंपरेत हीच राशी ‘पाचव्या वर्गाचा घन’ अशी सांगितली आहे, म्हणजे बादाल तीनदा घेऊन केलेला गुणाकार. दोन्ही वर्णने वरवर वेगळी दिसतात. पण एकट्ठी म्हणजेच बादालचा वर्ग. त्याला पुन्हा बादालने गुणले की बादालचा घन झाला. दोन परंपरांनी दोन वाटांनी सांगितलेली संख्या शेवटच्या अंकापर्यंत एकच आहे.

शहाण्णव वेळा निम्मे होणे, या खुणेकडे वळू. एखादी राशी एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते, त्या वेळांना आपल्या ग्रंथांत तिचे ‘अर्धच्छेद’ म्हणतात. चाराचे अर्धच्छेद दोन, सोळाचे चार, पण्णट्ठीचे सोळा, बादालचे बत्तीस, एकट्ठीचे चौसष्ट. आता गंमत अशी की दोन राशींचा गुणाकार केला, तर त्यांच्या अर्धच्छेदांची फक्त बेरीज करावी लागते. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. एकोणतीस अंकी गुणाकाराचा प्रश्न दोन लहान आकड्यांच्या बेरजेवर आला. शके ७३८, म्हणजे इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झालेल्या ‘धवला’ टीकेत वीरसेनाचार्यांनी अर्धच्छेदांचे हे नियम सविस्तर वापरले आहेत. तिथे तिनाने भाग देत जाण्याचे त्रिकच्छेद आणि चाराने भाग देत जाण्याचे चतुर्थच्छेदही येतात. आपल्या राशीचे चतुर्थच्छेद अठ्ठेचाळीस. युरोपात जॉन नेपियर यांनी लॉगरिथमची कोष्टके १६१४ साली प्रसिद्ध केली. तेव्हा लॉगरिथम आपलेच, अशी घोषणा करण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. नेपियर यांची कोष्टके दोनाच्या घातांपुरती मर्यादित नव्हती. अर्धच्छेदांचा उपयोग प्रामुख्याने दोनाच्या घातांपुरता राहिला. गुणाकाराची बेरीज होते, हे मर्म मात्र आचार्यांनी निःसंशय ओळखले होते, आणि तेवढे श्रेय पुरेसे मोठे आहे.

या राशीचे आणखी काही गुणधर्म सांगतो. शेवटचा अंक सहा का, ते मुले तोंडी सांगू शकतील. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात आणि शहाण्णवाला चाराने पूर्ण भाग जातो, म्हणून सहा. शेवटचे दोन अंक ३६. दोनाच्या घातांच्या शेवटच्या दोन अंकांचा फेरा चारापासून पुढे दर वीस घातांनी परत येतो. सोळाव्या घातापासून शहाण्णवाव्यापर्यंत ऐंशी घातांचे, म्हणजे बरोबर चार फेऱ्यांचे, अंतर आहे. म्हणून पण्णट्ठीच्या शेवटी जे छत्तीस, तेच येथेही. ही राशी पूर्ण वर्ग आहे आणि तिचे वर्गमूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६. ती पूर्ण घनही आहे, घनमूळ अर्थातच बादाल. तिचे भाजक केवळ सत्त्याण्णव, आणि एक सोडला तर त्यांतला एकही विषम नाही. एवढ्या प्रचंड संख्येला तीन, पाच, सात यांपैकी कशानेही भाग जात नाही. स्वतःला वगळून उरलेल्या शहाण्णव भाजकांची बेरीज केली, तर ती राशीपेक्षा फक्त एकाने कमी भरते.

सोळाचा चोविसावा घात घेतला तरी हीच संख्या येते. हे ऐकताच काहींच्या मनात सोळा कारणभावना आणि चोवीस तीर्थंकर येतील. कृपया तिकडे जाऊ नका. ही संख्या दोनशे छप्पन्नाचा बारावा घातही आहे आणि चाराचा अठ्ठेचाळिसावाही. शहाण्णवाचे भाजक पुष्कळ आहेत, हवी ती जोडी त्यातून काढता येते.

अशाच आणखी एका मोहाविषयी बोलले पाहिजे, कारण अलीकडे तो सभांतून वारंवार दिसतो. इंटरनेटवरील यंत्रांना जे क्रमांकरूपी पत्ते देतात, त्यांची जुनी रचना बत्तीस द्विमान अंकांची होती. तिच्यात एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर बादाल. जागतिक साठ्यातील त्यांचे शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीत वाटले गेले. नव्या रचनेत पत्ता एकशे अठ्ठावीस द्विमान अंकांचा, म्हणजे एकंदर पत्ते सातव्या वर्गाएवढे. मग जुन्या एका पत्त्यामागे नवे पत्ते किती आले? सातव्या वर्गाला बादालने भागा. एकशे अठ्ठावीस वजा बत्तीस, शहाण्णव. आपली मनुष्यराशीच! गणित अचूक आहे आणि मलाही ते प्रथम सुचले तेव्हा आनंद झाला. परंतु यावरून आगमात इंटरनेट होते, असे म्हणणे म्हणजे आगमाला लहान करणे आहे. दुप्पट करीत जाणारा आणि वर्ग करीत जाणारा कोणीही, कोणत्याही काळात, याच पायऱ्यांवरून जाणार.

आता अंक जपून ठेवण्याच्या कौशल्याकडे येऊ. ताडपत्रावर एकोणतीस अंक लिहिले, तर शे-दोनशे वर्षांच्या नकला होताना एखादा अंक बिघडणे अगदी सहज शक्य होते. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती, श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायांचे समकालीन, यांनी ‘गोम्मटसार जीवकांडा’त ही राशी एका गाथेत अक्षरांनी गुंफली आहे. क, ट, प आणि य या चार अक्षरांपासून मोजणी सुरू करून प्रत्येक व्यंजनाला अंक देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ‘त’ म्हणजे सहा, ‘न’ म्हणजे शून्य, ‘स’ म्हणजे सात. गाथेतील संख्येचे पहिले अक्षर ‘त’ आणि शेवटचे ‘सा’. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणून ‘त’ हा एककस्थानचा सहा झाला आणि ‘सा’ हा सर्वांत डावीकडचा सात. मधली सत्तावीस अक्षरे मी एकेक करून ताडून पाहिली आहेत. एकही अंक चुकलेला नाही. वृत्ताची मात्रा एखादे अक्षर गळू देत नाही, त्यामुळे पाठांतर करणाऱ्याच्या जिभेवर ही राशी सुरक्षित राहिली. स्वाध्यायात ही गाथा आली की आपण अर्थ वाचून पुढे जातो. कागद-पेन्सिल घेऊन एकदा तिचे अंक मांडून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

संख्या बरोबर उतरली की नाही, हे मोठा गुणाकार न करताही पडताळता येते. सर्व अंकांची बेरीज करा, ती १२७ येते. एक, दोन आणि सात मिळून दहा, दहाचा एक. म्हणजे नवाने भागल्यास बाकी एक. इकडे दोनाचा सहावा घात चौसष्ट, त्याची नवाने भागून बाकी एक, आणि शहाण्णव म्हणजे सहाची सोळा पट, तेव्हा येथेही बाकी एकच हवी. मेळ बसला. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, तर मात्र ही कसोटी फसते. त्यासाठी उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे शेवटपर्यंत जावे. उत्तर एकतीस येते, अकराने भागून बाकी नऊ. दोनाच्या शहाण्णवाव्या घाताचीही बाकी नऊच.

येथवर सारे सुखरूप झाले. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो गुणाकाराचा नाही. ही संख्या मनुष्यांची आहे हे म्हणणे बरोबर आहे का? असा प्रश्न विचारणे अश्रद्धा आहे, असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी धवलाकारांकडे पाहावे.

‘षट्खंडागमा’च्या द्रव्यप्रमाणानुगमात पर्याप्त मनुष्यांच्या राशीला दोन मर्यादा घातल्या आहेत. एक मर्यादा वर्गांची. राशी सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्याच्या खाली. दुसरी कोटींची. कोटी तीनदा घेऊन केलेल्या गुणाकाराच्या वर आणि कोटी चारदा घेऊन केलेल्या गुणाकाराच्या खाली. आपल्या राशीचे अर्धच्छेद शहाण्णव, चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस यांच्या बरोबर मध्ये. पहिली मर्यादा ती पाळते. दुसरीचे काय? कोटी चारदा गुणली की एकावर अठ्ठावीस शून्ये. म्हणजे तीही एकोणतीस अंकांचीच संख्या. स्थाने मोजणाऱ्याला दोन्ही सारख्याच लांबीच्या दिसतात. पण आपल्या राशीचा पहिला अंक सात आहे आणि पुढे नऊ. ती वरच्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट भरते. स्थाने तेवढीच असूनही मर्यादा ओलांडली गेली.

पाचव्या वर्गाचा घन सांगणारे मत वीरसेनाचार्यांपुढे होते. त्यांनी ते सूत्राशी ताडून पाहिले, विरोध दाखविला आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढून एवढी माणसे त्यात मावतच नाहीत, म्हणून ती संख्या ग्राह्य नाही, असे दाखविले. लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेच्या गणितावरील निबंधात या स्थळाकडे लक्ष वेधले. हा निबंध धवलेच्या चौथ्या पुस्तकात छापलेला आहे. आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट ही, की मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेला हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून प्रकाशित होऊ लागला, तो आपल्या अमरावतीहून.

आचार्यांचा युक्तिवाद कळावा म्हणून मी स्वतः एक हिशेब मांडला आहे. मनुष्यक्षेत्राचा व्यास ४५ लाख योजने. दहाच्या वर्गमुळाच्या आगमोक्त रीतीने परिघ १,४२,३०,२४९ योजने येतो. परिघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश केला, की क्षेत्रफळ १६,००,९०३ कोटी १ लाख २५ हजार चौरस योजने. योजनाचे चार कोस, कोसाची दोन हजार धनुष्ये, धनुष्याचे चार हात, म्हणजे योजनाचे बत्तीस हजार हात. द्वीप-समुद्र ज्या प्रमाणयोजनाने मोजतात, ते याच्या पाचशेपट, म्हणजे एक कोटी साठ लाख हात. या मोठ्या मापाने सारे मनुष्यक्षेत्र सुमारे एकेचाळीसवर सव्वीस शून्ये इतके चौरस हात भरते. आपल्या राशीला त्याने भागा. प्रत्येक चौरस हाताच्या वाट्याला एकोणिसांहून अधिक माणसे येतात! हात म्हणजे सुमारे दीड फूट. त्यातही लवणसमुद्र आणि कालोदधी वगळलेले नाहीत, पर्वत वगळलेले नाहीत, आणि विदेहक्षेत्रातील मनुष्यांची उंची तर पाचशे धनुष्ये सांगितली आहे. लहान योजन धरले, तर चौरस हातामागे अठ्ठेचाळीस लाख माणसे. कोटींच्या वरच्या मर्यादेएवढी राशी घेतली तरी चौरस हातात दोनांहून अधिक माणसे येतात. यावरून खरी राशी त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असली पाहिजे, आणि सूत्र ‘खाली’ एवढेच म्हणते.

बाराशे वर्षांपूर्वीचे एक निर्ग्रंथ मुनी, परंपरेने आलेली संख्या हाती घेतात, तिला मोजपट्टी लावतात आणि ‘हे मावत नाही’ असे लिहून ठेवतात. ज्या सूत्रावर ते टीका लिहीत होते, त्यावर त्यांची श्रद्धा अढळ होती. हिशेब त्यांनी त्याच श्रद्धेपोटी केला.

परंतु इतिहास येथेही सरळ रेषेत चालत नाही. गोम्मटसार हा धवलेनंतरचा ग्रंथ, आणि त्याची उभारणी षट्खंडागमाच्याच आधारावर झाली आहे. तरी नेमिचंद्राचार्यांनी पाचव्या वर्गाच्या घनाची तीच एकोणतीस अंकी राशी पर्याप्त मनुष्यांसाठी दिली, आणि तिच्या तीन चतुर्थांश स्त्रिया असेही सांगितले. वीरसेनांचा आक्षेप त्यांना मान्य नव्हता, की त्यांनी दुसऱ्या आचार्यपरंपरेचा मान राखला, हे गाथेत नाही. दोन्ही ग्रंथ आपण एकाच चौरंगावर ठेवतो, दोहोंना एकाच भक्तीने वंदन करतो. पाठशाळेतील एखाद्या मुलीने उद्या विचारले, ‘गुरुजी, यातले बरोबर कोणते?’ तर तिला गप्प करू नये. दोन्ही ग्रंथांतील स्थळे तिच्यापुढे उघडावीत आणि क्षेत्रफळाचा हिशेब तिच्याकडून करवून घ्यावा. माझे स्वतःचे मत वीरसेनाचार्यांच्या बाजूने झुकते, हे मी लपवीत नाही. आपणापैकी ज्यांचा करणानुयोगाचा अभ्यास माझ्याहून सखोल आहे, त्यांनी माझ्या हिशेबातील योजनाचे माप तपासून पाहावे.

सभागृहाबाहेरच्या फळ्यावर सात गुणाकार मांडून ठेवले आहेत. सहा वर्ग पूर्ण आहेत, सातवा गुणाकार, बादाल गुणिले एकट्ठी, विद्यार्थ्यांसाठी मोकळा सोडला आहे. गणकयंत्र वापरू नये, ते एकोणतीस अंक दाखवणारही नाही. उत्तर गोम्मटसाराच्या अक्षरांशी ताडून पाहावे, त्यासाठी ग्रंथ व्यवस्थापकांकडे ठेवला आहे.